केळी लावू का कपाशी?

तुम्ही चहा घ्या, तोवर मी माझी अब्रू काढतो. डॉक्टर लोक आपल्या चुका सहसा सांगत नाहीत, आणि कॅन्सरचा डॉक्टर तर नाहीच नाही, कारण त्या ऐकून कोणाला हसू येत नाही. ही ऐकून येईल कदाचित. नावं बदललीत आणि गाव सांगणार नाही. तरीही यातला मास्तर तुमच्या ओळखीचा निघालाच, तर त्याच्यासमोर तोंड उघडू नका, एवढं वचन द्या.

मी शहाद्याजवळच्या लोणखेड्याचा. नोकरी सुरतेला, कॅन्सरच्या दवाखान्यात. महिन्यातले दोन रविवार शहाद्याला मित्राच्या दवाखान्यात बसतो. आपल्याकडचा माणूस सुरतेला पोचेपर्यंत आजार फार पुढे गेलेला असतो, म्हणून म्हटलं आपणच थोडं अलीकडे यावं. इथवर सगळं कौतुकाचं आहे.

पण मला संशोधनाची खाज! आणि विषय कोणता घेतला? तर पेशंटला त्याच्या आजाराचं खरं कसं सांगावं. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पेशंट बाहेर बाकड्यावर. भाऊ नाहीतर जावई फाईल घेऊन आधी आत येतो, दार लावतो आणि म्हणतो, साहेब, त्यांना काही कळू देऊ नका, काय ते आम्हाला सांगा. मग पेशंट आत आला की आम्ही सगळे मिळून नाटक करतो. ही रीत मोडली पाहिजे, असा माझा लेख होता. मोठ्या परिषदेत तो वाचला, टाळ्या घेतल्या. समोरच्याला नीट बघा, त्याला किती माहीत आहे ते आधी विचारा, मग सावकाश, डोळ्यांत बघून सांगा. सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या मला.

परिषदेहून आलो आणि पुढच्याच रविवारची गोष्ट. मे महिना, भर दुपार, बाहेर अजून दहा-बारा पेशंट, आणि माझा डबा टेबलावर तसाच. पन्नाशीचा एक माणूस आत आला. पांढरी टोपी, काखेत फाईल. दार त्यानंच लावलं. मी फाईल उघडली. जठराचा कॅन्सर, लिव्हरभर पसरलेला. पेशंट कुठे आहे, मी विचारलं.

"तो बाहेर शे. त्याले काही सांगू नका, साहेब. मी त्याना भाऊ. जे शे ते माले खरं सांगा."

मला बरंच वाटलं. धीराचा नातेवाईक भेटला म्हणजे वेळ वाचतो. मी कॉम्प्युटरकडे बघत भराभरा सांगून टाकलं. ऑपरेशनची वेळ गेली. औषधानं काही महिने वाढतील, आजार जाणार नाही. तो ऐकत होता. मध्ये एकदाही रडला नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. मग त्यानं विचारलं, "जूनमा केळी लावाना इचार करी ऱ्हायना तो. केळी लावू देऊ, का कपाशी?"

आता मला सांगा, लोणखेड्याच्या माणसाला हे विचारल्यावर तो गप्प बसेल? मुंबईच्या डॉक्टरला हा प्रश्न कळलाही नसता. कपाशी दिवाळीला वेचायला येते, केळीला वर्ष लागतं. म्हणजे हा किती महिने ते विचारत होता, आणि मला ते कळलं याचाच मला कोण आनंद झाला. मी फाईल मिटली आणि हसत म्हणालो, "कपाशीच लावा. केळी कापायला तो नसेल."

हसत म्हणालो, हं. ते हसणं मला अजून टोचतं.

बाजारभाव ऐकावा तशी त्यानं मान हलवली. मी म्हटलं, बोलवा आता पेशंटला. तो जागचा हलला नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि दुसरा एक माणूस आत आला, खिशाला पेन, हातात औषधांची पिशवी. तो खुर्चीमागे उभा राहिला, बसलेल्याच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, आणि त्याच्या टोपीवरून मला बोटांनी खूण केली. नाही, नाही. मग मोठ्यानं म्हणाला, "काय साहेब, आमच्या आप्पाला अल्सरच आहे ना?"

मी फाईल पुन्हा उघडली. पहिल्याच पानावर आधार कार्डाची झेरॉक्स होती. टोपी, मिशा, सगळं तेच. ते पान मी न बघता उलटलं होतं. मग मान वर केली आणि समोर बसलेला माणूस पहिल्यांदा पाहिला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल, पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो. "अल्सरच."

आप्पांनी भावाला माझ्यासाठी उसाचा रस आणायला पिटाळलं. डॉक्टरांना घाम फुटलाय असं कारण दिलं, आणि ते अगदी खरं होतं. दार लागल्यावर मी हात जोडले. आप्पा, तुम्ही असं का केलंत, मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, घरात कोणी खरं बोलत नाही. बायको देव्हाऱ्यापुढे रडते आणि बाहेर येऊन अल्सर म्हणते. इकडे जून तोंडावर आला. केळी लावली आणि मध्येच गेलो तर बाग कोण बघेल? सुकलाल पडला शाळामास्तर, त्याला केळीतलं ओ की ठो कळत नाही. मग मी विचारू कोणाला? आणि भाऊ म्हणालो त्यात खोटं काय, सुकलालचा भाऊच आहे ना मी.

जाताना ते दाराशी थांबले.

"एक करा, साहेब. माले सगळं माहीत शे, हाई सुकलालले सांगू नका. त्याले लपाडू द्या. त्याना हातमा आते तेवढंच शे."

मग सुरू झालं आमचं नाटक. दर एकवीस दिवसांनी सुरतेला 'अल्सरचं सलाईन'. केस गेले तेव्हा मास्तरांनी आप्पांना समजावलं, ही उष्णता आहे. आप्पांनी मान डोलावली आणि मास्तरांच्या पाठीमागून मला डोळा मारला. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

जुलैत मास्तर माझ्याकडे कुरकुरत आले. आप्पानं केळी लावली! अल्सरनं ऊन सोसत नाही म्हणतो, बांधावर खाट टाकून बसतो आणि राबवतो मला. बुंध्याशी फुटलेली पिलं काप, ठिबक बघ, माती लाव. साहेब, मी पोरांच्या वह्या तपासू की केळीची पिलं कापू? आप्पा त्यांना बाग शिकवत होते, हे मला कळत होतं. मी पुढच्या सलाईनची तारीख लिहून दिली.

दिवाळीला शिवारातली कपाशी वेचून झाली, आप्पा होते. फेब्रुवारीत बागेत घड बाहेर पडले, तेही त्यांनी खाटेवरून पाहिले. होळीनंतर आठ दिवसांत गेले. माझा अंदाज बरोबर निघाला. आयुष्यात एखादा अंदाज चुकायला हवा होता तर तो हाच.

जूनमध्ये मास्तर पुन्हा शहाद्याला आले. फाईल नव्हती, खांद्यावर केळीचा घड होता. शर्टावर चिकाचे काळे डाग पडले होते. पहिली कापणी स्वतःच्या हातानं केली म्हणाले. मग सवयीनं दार लावलं आणि खुर्चीत बसले.

"एवढं एक समाधान आहे साहेब, आप्पाला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. मला धाकधूक होती. पण तोच सगळ्यांना सांगायचा, या डॉक्टरला खोटं बोलताच येत नाही, तो अल्सर म्हणाला म्हणजे अल्सरच." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नव्हतं ना हो कळलं त्याला?"

मी कॉम्प्युटर बंद केला. मास्तरांना नीट पाहिलं, त्यांना किती माहीत आहे ते आधी समजून घेतलं. परिषदेत सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या मी जन्मात पहिल्यांदा बरोबर पाळल्या. आणि सावकाश, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही मास्तर. त्यांना काहीच माहीत नव्हतं."