शेवटचा रकाना

समोरच्या टेलरमास्तरांच्या मुलाला ‘डेमो’ हे नाव मी ठेवलं. जिन्यात भेटो, दुधाच्या रांगेत भेटो, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याशी फडकं बांधून बसलेला असो, मी दिसलो की खिशातून फोन काढायचा आणि म्हणायचा, “काका, दोन मिनिटं आहेत? एक छोटासा डेमो दाखवतो.” दोनाची वीस मिनिटं व्हायची. नाव इतकं चिकटलं की एकदा त्याच्या आईनेच गॅलरीतून हाक मारली, “अरे डेमो, जेवायला ये!” आणि मग स्वतःच जीभ चावली.

पोरगा एकोणतिसाचा. चांगली नोकरी सोडून तीन वर्षं एकच गोष्ट करत होता. माणसाने फोनसमोर उभं राहायचं, एक गिरकी घ्यायची, आणि फोनने त्याची मापं सांगायची. दुकानात जायला नको, कोणी अंगाला टेप लावायला नको, कपडे शिवून घरी. ऐकायला छान होतं. पहिल्यांदा त्याने आमच्या हिला उभं केलं, तर फोनने मागच्या कपाटासकट माप घेतलं आणि कंबर चौऱ्याहत्तर इंच सांगितली. पुढे आठवडाभर तो आमच्या दारावरून चप्पल हातात घेऊन जायचा.

कंपनीचं ऑफिस म्हणजे वडिलांच्या दुकानावरचा पोटमाळा. तिथे ताठ उभं राहता येत नाही. दोन कॉम्प्युटर, एक टेबलफॅन, भिंतीवर पांढरा फळा, त्यावर बाण आणि चौकोन. खाली मास्तरांचं शिलाई मशीन दिवसभर धडधडत असायचं. फोनवर बोलताना पलीकडची मोठी माणसं विचारायची, “हा आवाज कसला?” हा गंभीरपणे सांगायचा, “प्रॉडक्शन.” खोटं तरी कसं म्हणायचं? टेलरचा मुलगा, पण अंगात कायम विकतचा गोल गळ्याचा टी-शर्ट, त्याचीही एका खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. मास्तर जेवता जेवता त्या शिवणीकडे बघायचे.

तर अडचण अशी होती की मापं बरोबर यायला लागली, तरी शर्ट काही बसेनात. आकडे सगळे जिथल्या तिथे, पण कोणाची कॉलर मागून उचलायची, कोणाला पाठीवर चुणी पडायची. डेमो वैतागला. मग त्याला वडिलांच्या वह्या आठवल्या.

मी त्या दिवशी पँटची उंची कमी करून घ्यायला गेलो होतो. (खरं तर पँट एक निमित्त. मास्तरांच्या दुकानात बसलं की गल्लीतली सगळी बातमी आपोआप कळते.) चाळीस वर्षांच्या एकतीस वह्या, लाल पुठ्ठ्याच्या. नाव, छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, आणि शेवटी एक रुंद रकाना: शेरा.

“सगळ्या हव्यात?” मास्तरांनी विचारलं.

“फोटो काढून परत देतो, बाबा. एक पान दुमडणार नाही.”

मास्तरांनी तोंडातला दोरा काढला. “आकडे घे. शेवटचा रकाना घ्यायचा नाही.”

“का?”

“ते लोकांचं आहे.”

“आकडेपण लोकांचेच आहेत की!”

“आकडे घेताना माणूस समोर उभा असतो. हात वर करतो, टेप लावून देतो. शेवटचं मला नुसतं दिसतं. ते त्यांनी मला दिलेलं नाही.”

मी मान लांब करून बघायला गेलो, तर मास्तरांनी वही मिटली. माझं बोट थोडक्यात वाचलं.

डेमोने शब्द दिला. आणि मोडला. त्याचं म्हणणं, यंत्र अख्खं पान वाचतं, त्यातला एक रकाना वगळायचा म्हणजे नसता उपद्व्याप. पण खरं कारण दुसरंच होतं, आणि ते त्याने मला पोटमाळ्यावर वाकून बसल्या बसल्या सांगितलं. शेरे घातल्याबरोबर शर्ट बसायला लागले होते. ‘उजवा खांदा खाली.’ ‘पुढे झुकून चालतात, मागची उंची वाढवणे.’ सगळी अक्कल त्या रकान्यातच होती.

“आणि मी कुलूप घातलंय ना, काका,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाला फक्त आकडे दिसणार. शेरा फक्त टेलरच्या पानावर. बाबा तरी काय वेगळं करतात?”

“तू वाचलेस का सगळे?”

“नऊ हजार नोंदी आहेत. मी कशाला वाचू? यंत्र वाचतं.”

मी म्हणालो, “वा, डोकं आहे बुवा तुला!” मास्तरांना सांगतो असं म्हणालो नाही. हे माझ्या खात्यावर राहू दे.

मग एक कापडवाले शेठ तयार झाले. गावोगावी त्यांची दुकानं. त्यांनी हे घेतलं तर प्रत्येक दुकानात डेमोचं यंत्र लागणार. नाही घेतलं तर डेमो पोटमाळा आवरून परत नोकरी धरणार, हे त्याने घरी कबूल केलं होतं. शेठना प्रत्यक्ष गिऱ्हाइकं बघायची होती. म्हणून एका रविवारी सकाळी इमारतीच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, भिंतीवर पडदा लावला, आणि मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं. चाळीसेक माणसं आली. कार्यक्रम रंगवायला माइक माझ्या हातात. दुसऱ्या कोणाच्या देणार?

“काका, नाव पुकारा, मी कार्ड उघडतो. माणूस पुढे येईल, फोनसमोर फिरेल, आणि लोकांना दिसेल की वहीतलं माप आणि फोनचं माप सारखं येतं. बस.”

पहिलं नाव मी माझंच पुकारलं. भिंतीवर माझं कार्ड उघडलं. आकडे, आणि खाली एक ओळ. मी माइकवर ठणठणीत वाचली: “पोट अडतीस सांगतात. बेचाळीस कापणे. बोलू नये.”

हॉल हसून कोसळला. आमची ही पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून हसत होती. शेठ मांडीवर थाप मारून हसले.

मी मागे वळून डेमोकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. सगळी तयारी त्याने वडिलांच्या, म्हणजे टेलरच्या पानावरून केली होती, आणि तेच पान भिंतीवर उघडलं होतं. कुलूप होतं, पण तो कुलपाच्या आतून दाखवत होता. मला वाटलं आता बंद करेल. त्याचा हात उठला, आणि तेवढ्यात शेठ ओरडले, “अरे वा! अजून एक, अजून एक!” हात खाली आला.

दुसरं कार्ड न्हाव्याचं. ‘उंच दिसायचं असतं. पँट लांब ठेवणे, टाचेखाली जाऊ दे.’ न्हावी स्वतःच उभा राहून टाचा उंचावून दाखवायला लागला. तिसरं बँकेतल्या साहेबांचं. ‘खिसा डाव्या बाजूला आतून, बायकोला न सांगता.’ साहेबांच्या बायकोने तिथल्या तिथे साहेबांचा खिसा चाचपला. मी प्रत्येकाला आवाज बदलून वाचत होतो. असा हशा मी आयुष्यात कधी पिकवला नव्हता. मास्तर मागच्या दाराशी उभे होते. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, पण माझ्या माइकपुढे त्यांचा आवाज कुठला ऐकू येणार?

“आता आपल्या बाई!” मी पुकारलं.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. अर्ध्या गल्लीला त्यांनी अपूर्णांक शिकवले, डेमोलाही. दुसऱ्या रांगेत ताठ बसल्या होत्या. शिवण, इस्त्री, बटणं, सगळं कसं भूमितीसारखं. हसत होत्या. कार्ड उघडलं आणि मी बायकी आवाज काढून सुरू केलं:

“डावी बाजू ऑपरेशननंतर रिकामी. आतून भरणे…”

तिथे मला कळलं. पण माझा आवाज माझ्या आधी धावत होता. “कोणाला माहीत…” एवढंही माझ्या तोंडून गेलं. भिंतीवर उरलेलं सगळ्यांनी वाचलं: ‘कोणाला माहीत नाही. ट्रायल दुकान बंद झाल्यावर. माप हिनेच घ्यावं.’ ‘हिने’ म्हणजे मास्तरांच्या बायकोने.

पडदा काळा झाला. डेमोने वायरच उपटली होती. उशिरा.

बाईंनी पर्स उचलली. खुर्च्यांच्या मधून जाताना “जरा सरकता का,” असं दोघांना म्हणाल्या. मास्तरांची बायको धावत मागे गेली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो हात अलगद काढला, जसं एखादं पान कपड्यावर पडलेलं काढावं, आणि जिना उतरल्या.

शेठ मात्र खूश. जाता जाता डेमोला म्हणाले, “झालं ते झालं, पोरा. पण माल कळला. आकडे कोणीही घेईल. हे शेरे! हेच तर पाहिजे. सगळ्या टेलरांच्या वह्या गोळा कर. मी आहे.”

त्याला तीन वर्षं जे हवं होतं, ते त्याला असं मिळालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बाईंच्या दारात उभे राहिलो. मी जाणार नव्हतो. आमची ही म्हणाली, “माइक हातात धरायला पुढे, आणि आता पाय दुखतात का?” मग गेलो.

बाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत.

मी सुरुवात केली. “बाई, माझ्या जिभेला काही हाड…”

“तुमचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तसेच आहात. तुमच्यासमोर काय बोलायचं नाही हे मला वीस वर्षं माहीत आहे.” मग डेमोकडे वळल्या. “तुला पहिल्या कार्डालाच कळलं होतं ना? मी बघत होते तुझ्याकडे. फळ्यावर चुकलास की असाच चेहरा व्हायचा तुझा.”

“हो, बाई.”

“मग बंद का नाही केलंस?”

मला वाटलं हा सांगेल, घाबरलो, सुचलं नाही, बटण सापडलं नाही. मी तरी तेच सांगितलं असतं. तो चपलेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “लोक हसत होते. शेठ हसत होते. मला वाटलं, जमतंय. तीन वर्षांत पहिल्यांदा जमत होतं.”

“आणि पुढे कोणाचं काय निघेल, हे मनात आलं?”

“आलं,” तो म्हणाला. “तरी चालू दिलं.”

बाईंनी दार अर्धं ओढून घेतलं. मग म्हणाल्या, “शाळेत आज कोणी माझ्या तोंडाकडे बघून बोललं नाही. सगळ्यांची नजर खाली येते, आणि मग घाईने वर जाते. सहा वर्षं मी हे होऊ दिलं नव्हतं.” एवढं सांगून त्यांनी दार लावलं. आपटलं नाही.

जिन्यात डेमो पायरीवर बसला. मला काहीतरी गमतीचं बोलायची सवय आहे, प्रेतासमोरही मला काहीबाही सुचतं. तिथे मी नुसता त्याच्या शेजारी टेकलो.

त्याच आठवड्यात त्याने यंत्रातले सगळे शेरे पुसले. नऊ हजार. शेठना फोन करून सांगितलं. मी खाली मास्तरांच्या बाकावर बसलो होतो, पोटमाळ्यावरून शब्द न शब्द येत होता. “नाही, शेठ. नाही, पुसलेले परत आणता येणार नाहीत. हो, माझंच नुकसान. हो, मूर्खपणाच म्हणा.” शेठनी पुढे काही विचारलं नसावं. शेऱ्यांशिवाय शर्ट परत बसेनासे झाले. डेमोने पोटमाळा आवरला आणि दुसऱ्यांच्या कंपनीत जायला लागला. मास्तर त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, “पुसलेस, बरं केलंस. पण मला दिलेला शब्द त्याआधीच मोडलास.” पोरगा जेवत राहिला.

असं वाटेल की इथे संपलं. पण बाई रोज सकाळी शाळेला आमच्याच रस्त्याने जातात. दुसरा रस्ता नाही. मास्तरांकडे त्या परत आल्या नाहीत. दुकान बंद झाल्यावर मागच्या दाराने यायचं, हे आता सगळ्यांना माहीत झालं, मग येणार कशा? नवीन ड्रेस कुठून तरी लांबून शिवून आणलेला. चांगलं कापड. पण डाव्या बाजूला आत खचलेला, खांद्यापासून खाली एक लांब चुणी. मला शिवणातलं काही कळत नाही, तरी गॅलरीतून मलासुद्धा ते दिसतं. बाई वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून चालतात.

परवा त्या गेल्या तेव्हा मी गॅलरीतच होतो आणि समोर डेमो दुकानाच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होता. त्याने बघितलं. मग आत वळून म्हणाला, “बाबा, बाईंचं माप वहीत आहे ना?”

मशीन थांबलं. “आहे.”

“मग एक ड्रेस शिवून देऊ या का? मी नेऊन देतो. दारात ठेवून येतो, बेल पण मारत नाही.”

“बाईंनी सांगितलंय का?”

“नाही.”

“मग त्यांच्या दारात पिशवी ठेवून पुन्हा काय सांगणार आहेस त्यांना? की आम्हाला दिसतंय?”

मशीन परत सुरू झालं. डेमो एका बुटाची नाडी सुटलेली तशीच घेऊन उभा राहिला. बाई वळणावर दिसेनाशा होईपर्यंत आम्ही दोघं, तो खाली आणि मी वर, कुठे बघावं ते न कळून एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.