खळ्यावरची रांगोळी

सारवणाचा मला मनस्वी कंटाळा आहे. आजही ओल्या शेणाचा वास आला की माझे खांदे भरून येतात. ठाण्याला नौपाड्यात आमच्या घरामागे भाताची खाचरं होती आणि त्यांच्या टोकाला खळं. घर, अंगण, खळं, सगळं सारवणं माझ्याच वाट्याला. विधवा बाईला दुसरं काम ते काय, असं घरात कोणी बोलून दाखवत नसे. धरूनच चालत.

त्या हिवाळ्यात भात झोडून झालं आणि भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, शेत मडमांना खेळायला दिलं. भावजी कचेरीत कारकून. साहेबाची मर्जी राखायची संधी ते कशाला सोडतील? ठाण्याच्या मडमा इंग्लंडच्या, कल्याणच्या रेल्वेच्या बंगल्यांतल्या स्कॉटलंडच्या. काठीने चेंडू टोलवत टोलवत लांबच्या भोकात घालायचा, हा त्यांचा गोल्फ. इकडच्या चौघी, तिकडच्या चौघी, दोन देशांचा सामना, आणि सारं निव्वळ हौसेखातर. बायकांची हौस एवढी मोठी असू शकते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा हेवा वाटला.

शेवटचं भोक आमच्या खळ्यात होतं. मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो मधला खांब उपटला आणि तोच खड्डा चेंडूसाठी ठरला. विलायतेत तिथे हिरवळ राखतात म्हणे. इथे मी होते आणि शेण होतं.

ठाण्याच्या साहेबाची मडम दोन वर्षं आमच्या पडवीत येऊन मला लिहायला-वाचायला शिकवत होती. तिने मला शब्द दिला होता. सामना संपला की त्याच संध्याकाळी ती भावजींशी बोलणार, मला पुण्याला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवा म्हणून. साहेबाच्या बायकोला नाही म्हणायची भावजींची छाती नव्हती. त्या घरातून सुटायची दुसरी वाट मला दिसत नव्हती.

"अगदी गुळगुळीत कर," ती मला म्हणाली होती. "वर काही नको."

आदल्या दिवशी मी जीव ओतून सारवलं. बोटांचे पट्टेसुद्धा उमटू दिले नाहीत.

माझी जाऊ पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. सकाळी ती खळ्यावर गेली आणि तिच्या काळजात धस्स झालं. सारवलेली जमीन कधी नुसती ठेवत नाहीत, वर रांगोळीचं बोट तरी ओढतात. घरातून मयत गेलं तरच ती नुसती ठेवतात. पोटुशी बाई ते पाहून गप्प कशी बसेल? मला न विचारता तिने खड्ड्याभोवती चांगली ठसठशीत रांगोळी घातली.

बाकीच्या जोड्यांचे निकाल खळ्याच्या अलीकडेच लागले. खळ्यापर्यंत एकच जोडी आली, आमची मडम आणि कल्याणची एक उंच बाई. सामना त्यांच्यावरच येऊन ठेपला होता. मडमेने रांगोळी पाहिली, कपाळाला आठी घातली. उंच बाई मान हलवून काहीतरी म्हणाली. जमीन आहे तशी खेळायची, असा त्यांचा नियम. मडमेने चेंडू हलकेच ढकलला. तो सरळ गेला, रांगोळीच्या भरड दाण्यांत शिरला आणि खड्ड्याच्या काठाशी थांबला. उंच बाईचा चेंडू जोरात आलेला, तो रांगोळी ओलांडून आधीच आत गेला होता; सामना कल्याणने जिंकला.

"हे कोणी केलं?" मडम आमच्याकडे वळून ओरडली.

जावेने माझा पदर घट्ट धरला. पलीकडे साहेबाशेजारी भावजी उभे, त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मला दोघांचाही राग आला, आणि त्या रागातच मी म्हणून गेले, "मी."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरं काय ते तत्क्षणी कळलं, आणि ते खाली बघू लागले.

विधवेने रांगोळीला हात लावायचा नसतो, हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मडमेच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ही म्हणेल, खोटं बोलतेस, तू कशी घालशील? मनातल्या मनात मी तिला विनवत होते.

"तुला मी शहाणी समजत होते," ती म्हणाली आणि बग्गीकडे चालू लागली.

संध्याकाळी मी पडवी झाडून सतरंजी घातली. दिवेलागण झाली तरी बसून राहिले. जाऊ येऊन म्हणाली, "जाऊबाई, येतील हो त्या." मी तिला आत जाऊन पडायला सांगितलं.

मडम आली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुण्याला मी कधी गेले नाही. त्याचं दुःख अजून आहे, पण आता तेही थकलंय. जावेवर मी पुन्हा कधी रागावले नाही. राग आहे तो मडमेवर. दोन वर्षं ती माझ्या बोडक्या डोक्यासमोर बसून मला अक्षरं शिकवत होती, आणि तिला एवढंही कळलं नव्हतं.