पाच नंबरचं घरटं आणि डोरीनबाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती, कन्फेशनला जायची लहानपणापासूनची सवय. तिथेही मी फादरना रागाचं सांगते, आळसाचं सांगते, सासूबाईंबद्दल मनात आलेलं वाईटसाईट सांगते, आणि हे तेवढं गिळून बाहेर येते. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. सात वर्षं झाली, आता राहवत नाही, एवढंच.

कॅनडात, हॅलिफॅक्सला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली — शहरापासून दोन-अडीच तासांवर, जंगलातल्या एका तळ्याकाठी, कासवं वाचवायचं काम. पिवळ्या गळ्याची कासवं, फार थोडी उरलेली. मादी वीसेक वर्षांची होते तेव्हा कुठे पहिली अंडी घालते — आणि तीही रस्त्याकडेच्या खडीत, शहाणी कुठली! जूनमध्ये आम्ही प्रत्येक घरट्यावर लाकडी चौकट बसवायचो, वर तारेची जाळी, म्हणजे रॅकून — तिथले मांजराएवढे चोरटे प्राणी — अंडी उकरून खाणार नाहीत. पण तीच जाळी आतल्या पिल्लांनाही बाहेर पडू देत नाही. म्हणून ऑगस्ट सरत आला की रोज — रोज म्हणजे रोज — जाऊन बघायचं. पिल्लं वर आली असली की मोजायची आणि गवतात सोडायची. ह्यात अवघड काय होतं, सांगा?

डोरीनबाई तिथल्या जुन्या व्हॉलंटियर. वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं डोरीन म्हणत. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मी ‘मिस डोरीन’ म्हणायचे आणि त्या खुदकन हसायच्या. माझ्याकडे गाडी नव्हती, तर दर आठवड्याला त्याच मला ग्रोसरीला न्यायच्या. गाडीत पुष्कळ बोलायच्या. एकदा स्वतःच्या आईचं सांगितलं — शेवटी शेवटी पोटच्या मुलीला ओळखेना म्हणे. मरणाची मला भीती नाही, म्हणाल्या, पण त्याची वाटते. म्हणजे हे मला माहीत होतं. पुढे जे केलं ते सगळं माहीत असून केलं.

शेवटच्या आठवड्यात घरटी बघायची पाळी डोरीनबाईंची होती. ऑफिसातल्या फळ्यावर सातही दिवस त्यांचंच नाव. गुरुवारी ग्रोसरीहून परतताना गाडीत म्हणाल्या, बहीण हॉस्पिटलात आहे, शुक्रवार ते रविवार तिच्याकडे जाऊन येते, तेवढे तीन दिवस तू बघशील का?

माझं तर हॅलिफॅक्सला जायचं ठरलं होतं. आमच्या कॉलेजातली मराठी पोरं जमणार होती, कुणीतरी वडापाव करणार होतं. अडीच महिने मराठीचा शब्द कानावर पडला नव्हता हो, जीव नुसता कासावीस झाला होता. नाही म्हणायला काय झालं होतं मला? पण मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही — हे अंगात इतकं भिनलेलं, की मी चटकन म्हणून गेले, हो हो, मी बघते ना, तुम्ही निवांत जा. मनाशी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवू. सांगितलं नाही. पिल्लांना अजून आठवडा तरी आहे, अशी स्वतःची समजूत घातली. फळ्यावरचं नावसुद्धा बदललं नाही.

त्या तीन दिवसांत ऊन रणरणतं होतं. मी हॅलिफॅक्सच्या समुद्रावर होते, हसत होते, गात होते. कासवांची आठवण झाली नाही असं म्हणेन तर तेही खोटंच. झाली होती, शनिवारी, दोनदा. फोन केला असता तर कुणीही दहा मिनिटांत जाऊन आलं असतं.

सोमवारी सकाळी डोरीनबाईच आधी पोचल्या. पाच नंबरच्या घरट्यात नऊ पिल्लं वर आली होती. मारी बिस्किटापेक्षाही लहान. जाळीखाली, सावलीच्या कोपऱ्यात, एकमेकांवर चढलेली. सगळी वाळून गेली होती. मी पोचले तेव्हा डोरीनबाई खडीत गुडघे टेकून एकेक पिल्लू ओंजळीत घेत होत्या.

दुपारी ऑफिसात आमचा वरिष्ठ, ग्रेग, फळ्यासमोर उभा राहून विचारत होता. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला की हे तीन दिवस कुणाकडे होते ते कळायला हवं. फळ्यावर नाव डोरीनबाईंचं. मला वाटलं, आता त्या सांगतील आणि मी संपले. शिफारसपत्र गेलं, पुढची नोकरी गेली, कॅनडात कायम राहायचं पीआर गेलं. त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात आरोप नव्हता, खरंच विचारत होत्या.

“मी तुला गाडीत सांगितलं होतं ना गं?”

“नाही, मिस डोरीन. तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे किती वेळ पाहिलं? दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत मला शब्द मागे घेता आले असते. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं — माझ्यावरचा संशय नव्हे, स्वतःवरचा भरवसा. खुर्ची चाचपून खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मग मला नुसतंच तसं वाटलं असेल.” ग्रेगने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी पाणी आणून दिलं. हो, पाणी आणून दिलं मी.

त्यांनी काम सोडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, पण ऐकतील तर शपथ. हाताच्या पालथ्या बाजूवर पेनाने लिहून ठेवायला लागल्या — दूध, गॅस, गुरुवार. हिवाळ्याआधी गाडी विकली. वसंतात मुलगा आला आणि त्यांना दूर आपल्या गावी, किचनरला घेऊन गेला. निघायच्या दिवशी मी भेटायला गेले — का गेले, अजून कळत नाही. सांगायला म्हणून निघाले होते बहुतेक. दारातच त्यांनी मला जवळ घेतलं आणि मुलाला म्हणाल्या, “हीच ती. हिने मला एका शब्दाने बोल लावला नाही.” त्यांचे तळ्यावरचे रबरी बूट त्यांनी मला दिले. मी घेतले आणि थँक्यू म्हटलं.

मला शिफारसपत्र मिळालं, नोकरी मिळाली, पीआरही झालं. आता नव्या इंटर्नना मीच शिकवते. पाळी बदललीत तर फळ्यावर लिहा, तोंडी चालणार नाही, असं बजावते. मुलं म्हणतात, किती काळजीपूर्वक काम करते ही.

मागच्या फेब्रुवारीत डोरीनबाई गेल्या. मुलाने मला ईमेल केला. आई हृदयविकाराने गेली, त्रास झाला नाही. शेवटपर्यंत डोकं लख्ख होतं, नातवंडांचे वाढदिवस तोंडपाठ. पण आपण सगळं विसरतोय ह्या भीतीने तिने सात वर्षं काढली, रात्री दिवा लावून वह्या वाचत बसायची, आणि ही भीती तिच्या मनात कुठून शिरली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, असं त्याने लिहिलं होतं.

मी उत्तर लिहायला बसले. तासभर बसले. ‘सॉरी फॉर युअर लॉस’ एवढं लिहिलं आणि पाठवून दिलं.