खाली नाही

दोन्ही तळहात छताकडे करून हवा वर उचलल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "खाली नाही! वर!" आमच्या मिसबाईंचं निम्मं मराठी एवढ्यातच संपत असे. उरलेल्या निम्म्यात 'पाणी', 'बस' आणि 'शाबास' होतं.

गोष्ट साठ सालानंतरची. आटपाडीच्या बाजूला माळावर आमचा मिशनचा दवाखाना होता. परदेशातल्या एका चर्चनं वर्षभराच्या सेवेसाठी पाचसहा जण तिथं पाठवले होते. त्यात एक पाळक होते, एक सुतार होता आणि या पन्नाशीच्या, उंचच उंच नर्सबाई. मीही तिथं नर्स होते. मोडकंतोडकं इंग्रजी येई म्हणून त्यांची दुभाषीही झाले, म्हणजे बोलणी दोन्हीकडून मलाच.

सुतारानं वॉर्डासाठी नव्या लाकडी खाटा केल्या, आणि त्यावर पेशंट झोपलाच पाहिजे असा मिसबाईंनी चंग बांधला. एक म्हातारा मेंढपाळ खाटेवर आपलं गाठोडं ठेवायचा आणि स्वतः खाली झोपायचा.

"आवं, वर डोळं फिरत्यात," तो म्हणे.

मिसबाई त्याला लहान पोरासारखा उचलून वर ठेवत. त्यांची पाठ वळली की म्हातारा खाली. शेवटी त्यांनी त्याच्याच घोंगड्याची वळकटी करून खाटेच्या कडेला बांध घातला, तेव्हा कुठं तो झोपला. सगळा वॉर्ड हसला, त्याही हसल्या.

पण पुढं हे हसण्यावारी राहिलं नाही. आपल्याकडे माणूस जायला लागलं की त्याला जमिनीवर घेतात, हे तुम्हाला सांगायला नको. खाटेवर जीव जाऊ द्यायचा नाही. माण तालुक्यातून बैलगाडीनं आलेल्या एका बाळंतिणीला तिच्या सासूनं असंच खाली घेतलं होतं, तोंडात पाणीही घातलं होतं. मिसबाई धावल्या. एकटीनं तिला उचलून खाटेवर ठेवलं आणि स्वतःचं रक्त दिलं. पोरगी जगली. तेव्हापासून फरशी म्हणजे हार, हे मिसबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं. वॉर्डात कुणालाही खाली घ्यायची बंदी झाली. आमची म्हातारी आया आक्का यावरून त्यांच्याशी रोज भांडे, मराठीत. त्या इंग्रजीत उत्तर देत.

मग वडूजकडचे एक पेन्शनर हवालदार आले. पोटातली गाठ पार पसरली होती. डॉक्टरांनीच हात टेकले होते. हवालदार शुद्धीवर होते आणि एकच मागत होते. "बाई, मला भुई द्या."

मुलगा हात जोडून म्हणाला, "खाटंवर गेला तर जीव घुटमळतोय, बाई. लढाईतनं वाचून आला त्यो. आता भुईवर मरू द्या."

मी शब्दन् शब्द सांगितला. मिसबाईंनी तो नीट ऐकून घेतला आणि तळहात वर केले. "खाली नाही."

त्यांच्या डोळ्यांपुढं ती बाळंतीण होती, हे मला कळत होतं. तरी त्या वेळी मला त्यांचा फार राग आला.

दुपारी हवालदार खाटेवरच गेले. मुलगा बाहेर जाऊन ओंजळभर माती घेऊन आला आणि त्यानं ती बापाचे तळहात पालथे करून त्यांच्याखाली पसरली.

"हे काय?" मिसबाईंनी मला विचारलं.

"भुई," मी म्हणाले.

ती मळलेली चादर त्यांनी स्वतः धुतली, आक्काला हात लावू दिला नाही. त्यानंतर वॉर्डात 'खाली नाही' ऐकू आलं नाही. आक्काला भांडायला काही उरलं नाही, आणि दवाखाना मला ओका ओका वाटू लागला.

वर्ष भरत आलं. पथकाच्या पेट्या बांधून झाल्या आणि मिसबाईंना काविळीनं धरलं. त्याच वॉर्डात, त्याच खाटांपैकी एकीवर त्या पडून होत्या. शेवटी वाचा गेली. एका सकाळी त्यांनी दोन्ही हात उचलले. आम्हाला वाटलं, आता तळहात वर होणार. पण ते जमिनीकडे होते. हवा खाली दाबल्यासारखं त्या पुन्हा पुन्हा करत होत्या.

"खाली घ्या म्हणताहेत," मी पाळकांना सांगितलं.

पाळक रडत होते. "आमच्या बहिणीला जमिनीवर ठेवू? नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी उशी आणखी उंच केली. त्यांच्यावर तरी कसं रागवायचं? मिसबाई उशीवरच गेल्या.

खाटांच्या उरलेल्या फळ्यांची सुतारानं शवपेटी केली. दवाखान्यामागं खड्डा खणला होता. आक्का पेटीच्या तळाकडे बघत राहिली.

"म्हंजी मातीतबी फळीवरच व्हय?" ती म्हणाली.

सुतारानं झाकण उचललं होतं. आक्का त्याला हातानं थांबवून खड्ड्याच्या काठाशी वाकली, पदरात माती घेऊन आली आणि तिनं ती पेटीत दोन्ही बाजूंना पसरली. पाळकांनी तिला अडवलं नाही. तिनं मिसबाईंचे लांबसडक तळहात पालथे केले आणि त्या मातीवर टेकवले.

"घ्या बाई," ती म्हणाली. "भुई."