वसंतरावचे दिवे

दप्तर हललं की किस्से बाहेर पडतात. आमची मोजणीची कचेरी तर सारखीच हलत होती. संस्थान गेलं, मध्य भारत आला, मग तोही गेला आणि मध्य प्रदेश झाला. दर वेळी आम्ही तेच नकाशे नव्या कापडात बांधले. नकाशे गठ्ठ्यात राहतात. किस्से मात्र बांधणाऱ्याबरोबर घरी येतात.

माझ्या रोजनिशीत असे पुष्कळ साठलेत. परवा चाळत बसलो, तर निम्म्याहून जास्त वसंतरावचे निघाले, आणि त्यातले बहुतेक त्याच्या मोटारीच्या दिव्यांचे. स्वतःच्या लग्नाबद्दलही मी इतकं लिहिलेलं नाही.

वसंतराव म्हणजे कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरचा, आणि ग्वाल्हेरच्या दाना ओली मोहल्ल्यात चार घरं पलीकडचा. आमची अरे-तुरेची दोस्ती.

*

जागिरी खालसा झाल्या तेव्हा सरदारांच्या मोटारखान्यांतून गाड्या बाहेर निघाल्या. पेट्रोल कोण पाजणार? आमच्या दोघांच्याही आजोबांनी ज्यांच्याकडे चाकरी केली, त्या सरदारसाहेबांनी दोन जुन्या मोटारी आम्हाला देऊन टाकल्यासारख्याच दिल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच राखाडी रंगाच्या. दिवेसुद्धा सारखेच, आमटीच्या वाटीएवढे.

एकदा आम्ही दोघं सहकुटुंब देवदर्शनाला गेलो. परत निघताना माझी बायको चुकून वसंतरावच्या गाडीत जाऊन बसली. मी खिडकीशी गेलो, तर पदराने वारा घेत म्हणाली, "अहो, आज गाडी किती स्वच्छ पुसलीत तुम्ही!"

त्या दिवसापासून मी गाडी रोज पुसू लागलो.

*

त्याच सरदारसाहेबांच्या मोटारखान्यात मागच्या बाजूला एक तांबडी गाडी पडून होती. आमच्याच कंपनीची, पण शर्यतीच्या थाटाची. दोनच बैठका, लांब नाक. आस तुटल्यामुळे ती पुन्हा चालणार नव्हती, पण दिवे शाबूत होते. चांगले पुरणपोळीच्या ताटाएवढे, क्रोमियमचे, चेहरा दिसेल असे.

ते दिवे मी आधी पाहिले. हे मी रोजनिशीत वेळेसकट लिहून ठेवलं आहे.

आता मी पडलो मोजणीचा माणूस. माझ्या मडगार्डवर ते बसतील की नाही, हे बघायला हवं. पहिल्या दिवशी टेप घेऊन गेलो आणि व्यास घेतला. दुसऱ्या दिवशी खोली. तिसऱ्या दिवशी भोकांमधलं अंतर. मग घरी आलेख कागदावर नकाशा काढला. सरदारसाहेब रोज गच्चीवरून बघत. मी रोज मुजरा करी, ते रोज मान हलवीत. विचारायचं धाडस मी मापं पुरी झाल्यावर करणार होतो.

नकाशा मी वसंतरावला दाखवला. तिथे चुकलो.

दुसऱ्याच दिवशी तो सरदारसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, "सरकार, ते दिवे मला द्याल?"

सरकारांनी सुस्कारा सोडला. "घेऊन जा बाबा, लवकर घेऊन जा. तुमच्या कचेरीचा एक माणूस रोज येऊन त्यांची मापं घेऊन जातो. जमीन तर गेलीच, आता दिवेही खालसा होणार असं दिसतंय."

वसंतरावने हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो. वर त्याने माझा नकाशा मागितला. भोकं कुठे पाडायची ते मिस्त्रीला समजत नव्हतं.

*

नई सडकेच्या टोकाला मुन्ना मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. माझ्या नकाशाबरहुकूम दिवे एका दुपारी बसले. एक सूतही फरक पडला नाही. काम बघायला मी गेलो होतो, कारण न जाणं बरं दिसलं नसतं.

दिवे बसल्यावर ती गाडी ओळखू येईना. माझी गाडी शेजारीच उभी होती. मिस्त्रीने हात पुसत दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, बहनें तो सगी हैं. बस एक का ब्याह हो गया."

*

महाराज बाड्याच्या चौकात तेव्हा एक जुना शिपाई उभा राहायचा. संस्थानी अमलातला, मोठे दिवे दिसले की आपोआप टाच जुळायची. वसंतरावची गाडी आली की तो इतर रहदारी थांबवून सलाम ठोकी. मी वीस हात मागे असायचो. मला हात दाखवून अडवी.

एके दिवशी मी विचारलंच, "क्यों भाई, मुझे क्यों रोका?"

"देखते नहीं, वसंतराव साहब निकले हैं?"

नावही माहीत होतं. मी त्याच चौकातून आठ वर्षं जात होतो.

*

मध्य भारतात राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. आम्हीही दप्तरामागून जायचो. एका वर्षी वसंतराव म्हणाला, "दिनू, रेल्वेने नको, दोघंही मोटारीने जाऊ."

शिवपुरीच्या पुढे जंगलात अंधारून आलं. आता दिवे कसे पडतात ते बघू, म्हणून मी गाडी बाजूला घेऊन त्याला पुढे जायला खूण केली. तो पुढे येईना. शेवटी मी उतरून मागे गेलो, तर त्याच्या गाडीत अंधार.

"दिवे लाव की."

"लावतो, पण मग हॉर्न वाजत नाही. आणि हॉर्न वाजवला की दिवे जातात. डायनॅमो पुरत नाही रे."

"मग?"

"मग काय, तू पुढे हो. तुझ्या मागच्या दिव्यावर येतो मी."

त्या रात्री मी अतिशय खुशीत गाडी चालवली. डाकबंगल्याच्या फाटकाशी आल्यावर मात्र वसंतरावने दोन्ही दिवे लावले. चौकीदार धावत आला, त्याचं सामान उचललं आणि मला विचारलं, "साहब का बाकी सामान आपकी गाड़ी में है?"

*

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रांबरोबर मोटारीचीही पूजा होते. माझ्या बायकोने दोन्ही गाड्यांना हळदकुंकू वाहिलं आणि सहज म्हणाली, "आपल्या दिव्यांना एक फूल पुरतं. भाऊजींच्या दिव्यांना हार लागतो."

मी सोनं वाटायला जरा लवकरच बाहेर पडलो.

*

मग मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. आमची कचेरी ग्वाल्हेरलाच राहणार होती, पण एक माणूस भोपाळला द्यायचा होता. भोपाळ म्हणजे नवं गाव, ना घर ना नातं. कुणालाच जायचं नव्हतं. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. इंदूरचे होते, माणसांची त्यांना फारशी माहिती नव्हती.

"तुम्ही की वसंतराव? तुम्हीच सांगा, दिनकरराव."

मी वसंतरावची स्तुती केली. आयुष्यात कुणाची एवढी केली नव्हती. इतका हुशार, इतका तडफदार, राजधानीत असाच माणूस हवा, आमचं काय, आम्ही टेप धरणारी माणसं. बोलताना माझ्या डोळ्यासमोर त्याची मुलं नव्हती की म्हातारी आई नव्हती. दिवे होते. एवढ्या लांब तो मोटार काही नेणार नाही, असा माझा हिशेब होता.

साहेब खूश झाले. "बरं झालं सांगितलंत. ती जागा बढतीची आहे. सरकारी जीप मिळते."

हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

*

निघायच्या आदल्या दिवशी वसंतराव घरी आला. चहाला हात लावेना. म्हणाला, "साहेबांनी मला सगळं सांगितलं."

मी बशी त्याच्यापुढे आणखी सरकवली.

"दिनू, सख्ख्या भावाने केलं नसतं ते तू केलंस. स्वतःची बढती सोडून माझं नाव दिलंस." त्याचे डोळे भरले होते. "माझी गाडी मेहुण्याला देतोय. पण दिवे तुझे. आधी तूच पाहिले होतेस ना?"

मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

मुन्ना मिस्त्रीने अदलाबदल केली. त्याचे दिवे माझ्या गाडीला, माझ्या वाट्या मेहुण्याच्या गाडीला. या वेळी नकाशा लागला नाही, भोकं मिस्त्रीला पाठ होती. स्टेशनवर वसंतरावची आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तुझ्यासारखा मित्र सगळ्यांना मिळो." गाडी सुटेपर्यंत मी रुमाल हलवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला कोट घातला, बायकोला मागे बसवलं आणि काही काम नसताना बाड्यावर गेलो. दिव्यांत सगळा चौक उलटा दिसत होता. शिपायाने लांबूनच पाहिलं. टांगे थांबवले, सायकली थांबवल्या, टाच जुळवली आणि कडक सलाम ठोकला.

मी गाडी मुद्दाम हळू केली. तो खिडकीशी आला, आत वाकून मागच्या बैठकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वसंतराव साहब नहीं दिख रहे? तुम नए ड्राइवर हो क्या?"

मागच्या बैठकीवरून बायको पुढे वाकली.

मी म्हणालो, "हाँ. साहब भोपाल गए हैं."