वाचून दिलेला गठ्ठा

मीरा रोडच्या शांती नगरात एक पुस्तकांचं दुकान आहे. पुस्तकांचं म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. आत शिरलात की उजव्या हाताला दहावीची गाइडं, डाव्या हाताला कोकम, मेतकूट आणि कुळथाचं पीठ. मधल्या कपाटात कविता, आत्मचरित्रं, जुने दिवाळी अंक. वरच्या दोरीला श्रावणात राख्या, एप्रिलमध्ये निळे झेंडे, आणि रमजानात काउंटरवर नया नगरच्या व्यापाऱ्याकडून आलेले खजुराचे डबे. उत्तनची एक मावशी सुकटीचे पुडे ठेवायला लागली तेव्हा मात्र मी कडाडलो. "ताई, कवितेला बोंबलाचा वास येतोय!" दुकानवाली ताई शांतपणे म्हणाली, "काका, बोंबील घ्यायला आलेले कविता चाळून जातात. उलटं कधी झालेलं मी बघितलं नाही." पुडे राहिले.

माणसंही तशीच, सतरा प्रकारची. सोमवारी बायकांची भिशी, बुधवारी पोरांची चित्रकला, श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची प्रॅक्टिस आणि शनिवारी संध्याकाळी आमचा वाचनकट्टा. जागा ती केवढी! सतरंजी अंथरायची म्हटलं की जमिनीवरचे सगळे गठ्ठे उचलून कुठेतरी सरकवायचे, मग माणसांनी बसायचं. मी निवृत्त झाल्यापासून दुपारी तिथेच असतो. ताई घरी जेवायला जाते तेव्हा तिच्या स्टुलावर मी बसतो. नोकर नाही, मालक नाही, पण रुबाब मालकापेक्षा जास्त.

रुबाबाचं कारण माझा धंदा. गिरगावात छापखान्यात आयुष्यभर प्रुफं वाचली. लग्नाला गेलो तरी पत्रिकेतल्या चुका काढून यजमानांना दाखवायचो. आमची ही म्हणते, "तुम्हाला जेवायला बोलावतात की तपासायला?" डोळे हेच माझं भांडवल, आणि त्याची घमेंडही होती. नाकावर माशी बसू द्यायचो नाही.

तेच डोळे गेले. पूर्ण नाही. पडद्याचा मधला भाग गेला, असं डॉक्टर म्हणाले. बाजूचं दिसतं, नेमकं समोरचं पुसल्यासारखं होतं. बस येतेय हे कळतं, नंबर कळत नाही. माणूस उभा आहे हे दिसतं, तो हसतोय की रडतोय ते दिसत नाही. आणि अक्षर तर नाहीच. चष्म्याने उपयोग नाही, भिंगाने नाही. हे फक्त आमच्या हिला माहीत होतं. बाकी कुणाला सांगायचं नाही, असं मी तिला बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या कट्ट्यावर रीत अशी की एक पुस्तक घ्यायचं, प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. माझी पाळी आली की माझा घसा बसायचा. आज घसा, पुढच्या शनिवारी खोकला, त्याच्या पुढच्या शनिवारी "डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय." लोक इतके साधे की कुणी ज्येष्ठमध आणलं, कुणी खडीसाखर. ती खडीसाखर चघळताना मला स्वतःची शिसारी यायची. पण चघळायचो.

माझं पान दर वेळी माझ्या शेजारी बसणारी वाचायची. चाळिशीची असेल, बँकेत नोकरीला, पूनम सागरला राहते, माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं. बौद्ध कुटुंब. मला काका म्हणते. "द्या काका, तुमचं पान मी वाचते," एवढं सहज म्हणायची की बाकीच्यांच्या लक्षातही यायचं नाही. वाचते फार सुरेख. कुठे थांबायचं ते तिला कळतं.

ऑगस्टमध्ये तिचे वडील गेले. त्यानंतरच्या रविवारी घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम ठेवला होता, आणि गावाकडून सगळे येणार होते. नव्या पोरांना बुद्धवंदना पाठ नसते, म्हणून सगळ्यांच्या हातात पुस्तिका द्यायच्या, असं तिने ठरवलं आणि ताईला सांगितलं. ताईने दादरहून आणवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधल्या, वर स्केचपेनने लिहिलं आणि काउंटरखाली डावीकडे ठेवल्या. उजवीकडे श्रावणासाठी आलेल्या व्रतकथांच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. आकार तोच, जाडी तीच, वर्तमानपत्रही तेच. मला ठाऊक होतं. डावा वंदनेचा, उजवा व्रतांचा. मी दुकान असंच चालवत होतो, जागा पाठ करून.

शनिवारी दुपारी मंगळागौरीची प्रॅक्टिस होती. फुगड्या घालायला जागा हवी म्हणून बायकांनी सगळे गठ्ठे उचलले आणि जाताना परत ठेवले. कसे ठेवले ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. त्या गेल्यावर ताई जेवायला गेली आणि तेवढ्यात रिक्षा उभी करून त्या बँकेतल्या मुलीचा भाऊ आला. "काका, आमच्या ताईने गठ्ठा सांगितलेला ना?"

मी डावीकडचा गठ्ठा काढला. त्याने विचारलं, "हाच ना नक्की?"

आणि मी काय केलं? गठ्ठा हातात धरला, चष्मा वर सरकवला, त्या स्केचपेनच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "वंदना पुस्तिका. हा काय, लिहिलंय की!"

तो घेऊन गेला. घाईत होता बिचारा.

सोमवारी संध्याकाळी ती आली. भिशीच्या बायका निघत होत्या. मी तिच्या पायांच्या आवाजावरून ओळखलं आणि म्हटलं, "ये गं, कसा झाला कार्यक्रम?" तिने काउंटरवर धप्पकन गठ्ठा ठेवला.

"काका, ज्या घराने आजोबांच्या वेळी देव्हारा उतरवला, त्या घराच्या हॉलमध्ये, माझ्या वडिलांच्या फोटोसमोर, मी व्रतकथा वाटायला घेतल्या. शंभर माणसांदेखत."

ताई झटकन पुढे आली. "अगं, चूक माझी. शनिवारी गठ्ठे हलवलेले, मी बघायला पाहिजे होतं."

"तुम्ही नका बोलू ताई. गठ्ठे हलले असतील. पण काकांनी हातात धरून वाचून दिलाय. भावाने सांगितलं मला, बोट फिरवून वाचला. काकांची नजर मला माहितीये. पत्रिकेतला अनुस्वार सोडत नाहीत ते." तिचा आवाज चिरकत होता. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, काका."

आता बोल, म्हाताऱ्या. दोनच शब्द आहेत. दिसत नाही. पण भिशीच्या बायका दारात थबकल्या होत्या. मी गप्प बसलो. ती थोडा वेळ थांबली. माझ्या उत्तरासाठीच थांबली असणार. मग निघून गेली.

बायका पांगल्यावर ताईने हळू आवाजात विचारलं, "काका, मुद्दाम नाही ना दिलात?"

ताईने! जिच्या स्टुलावर मी रोज बसतो तिने! संताप आला, ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कुठल्या तोंडाने? तिने तरी दुसरं काय समजायचं? मी "नाही" म्हटलं. ती "मग?" म्हणाली. मी छत्री उचलली आणि घरी आलो.

शनिवारी ती कट्ट्यावर आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. माझं पान दुसरं कुणीतरी वाचलं. घरी हिने तोंड सोडलं. "त्या पोरीचा बाप गेलाय आणि तुम्ही इथे इज्जत सांभाळत बसलाय? लाज नाही वाटत?" लाज वाटत होती म्हणूनच तर बसलो होतो. पण हे हिला सांगायची सोय नव्हती.

शेवटी एका रविवारी सकाळी गेलो. एकटाच. पूनम सागरची बिल्डिंग सापडली, मजला वॉचमनला विचारला, पण दारांवरच्या पाट्या कोण वाचणार? पहिली बेल चुकीच्या घराची वाजवली. एक गुजराती बाई म्हणाली, "सामनेवाला, अंकल. नाम लिखा तो है." लिखा तो है! मी मान डोलावली आणि समोरची बेल दाबली.

दार तिनेच उघडलं. "या," म्हणाली. घरात तिची आई होती, त्यांनी पाणी दिलं. मी बसलो, आणि मी काही बोलायच्या आत ती बोलायला लागली. रागाने नाही. त्यापेक्षा राग बरा असतो.

"काका, तुम्हाला माहितीये, मी गावाकडच्यांना काय सांगायचे? आमच्याकडे एक दुकान आहे. तिथे कुणी आडनाव विचारत नाही. सगळे सतरंजीवर एकत्र बसतात, एकाच पुस्तकातलं एकेक पान वाचतात. माझे चुलते म्हणायचे, शहरात असतं तसं वरवर, आतून सगळे सारखेच. मी भांडायचे त्यांच्याशी. त्या दिवशी गठ्ठा फुटला, त्यांनी एक पुस्तिका उचलली, बघितली आणि मला एवढंच विचारलं, हेच का ते दुकान?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला ते नेहमी नाटकी वाटायचं. त्या सोफ्यावर नाही वाटलं.

मी सांगितलं. सगळं. पडदा, डॉक्टर, घशाचं सोंग, ज्येष्ठमध, पाठ केलेल्या जागा, फिरवलेलं बोट. बोलताना तिच्याकडे बघत होतो, पण चेहऱ्याच्या जागी तोच पुसट डाग. ती काय करतेय ते कळेना.

तिची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हणजे काका, तुम्ही जात बघून हे केलंत असं मी समजत राहिले, ते तुम्हाला चाललं. तुम्हाला दिसत नाही हे मला कळलेलं चाललं नसतं."

"तसं नाही गं—"

"तसंच आहे."

तसंच होतं. त्या सोमवारी दुकानात दोन्ही गोष्टी माझ्यासमोर होत्या, आणि मी त्यातली एक निवडली होती. नीच माणूस ठरायला मी तयार होतो, आंधळा ठरायला नाही. हे मला त्या क्षणापर्यंत स्वतःलाही कळलं नव्हतं. तिला लगेच कळलं.

तिची आई म्हणाली, "जाऊ दे बाई, म्हातारं माणूस आहे."

"नाही आई. मला पटलं म्हणून होत नाही." ती उठली. फोनवर काहीतरी दाबल्याचं ऐकू आलं. "मी शनिवारी येईन, काका. पण चुलत्यांना मी काही सांगणार नाही. मी सांगितलं तर ते म्हणतील, तू दुकानाची बाजू घेतेस. तुम्हीच सांगा." आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे रिंग गेली. मी मनाशी वाक्य जुळवत होतो. नमस्कार, मी अमुक, आपली क्षमा मागतो, वगैरे. छापील मजकूर. तेवढ्यात उचलला गेला.

"हॅलो, कोण बोलायलंय?"

"मी... मीरा रोडहून. त्या पुस्तकांच्या दुकानातून. तो गठ्ठा मी दिला होता. मला... मला दिसत नाही हो."

"काय म्हणालात?"

"दिसत नाही मला," मी पुटपुटलो.

"मला कानानं कमी ऐकू येतं," ते सरळ म्हणाले. "जरा मोठ्यानं बोला."

खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. खाली पोरं खेळत होती, समोरच्या घराचं दार अजून लागलेलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि मोठ्याने बोललो.