कोपरा तुटलेली थापी

आमच्या एका मामीच्या अंगात यायचं. मी तिला दरवेळी आधी बीपी तपासून घे म्हणायचो. सिव्हिल डिप्लोमावाला माणूस, त्यात स्वभावानं आडमुठा... भूतखेत आपल्याला चालत नाही. तरी हे लिहितोय, कारण आठ-नऊ वर्षं पोटात ठेवलं आणि आता राहवत नाही.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा मे महिना. पुसेगावच्या पुढे एक गाव आहे, नाव देत नाही. तिथली शाळा निजामाच्या वेळची – दगडी भिंती, सागवानी तुळया, वर चुना आणि विटांच्या चुऱ्याचं छत. उन्हाळ्यातही पंख्याशिवाय लेकरं आत निवांत बसायची. पण छत गळायला लागलं आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या बांधकाम ऑफिसात ठरलं, पाडा आणि स्लॅब टाका. मी भांडलो. इतका, की साहेब वैतागून म्हणाले, कर जुन्या पद्धतीनं दुरुस्त. मग छतावर तीन दिवस पाणी तुंबवू, एक थेंब खाली आला की पाडकाम सुरू.

आता चुन्याचं काम येतं कुणाला? शोधत शोधत बौद्धवाड्यातल्या गयाबाईंपाशी पोचलो. साठी उलटलेली, पण जीभ तिखट. हेच छत त्यांच्या आईनं थापीनं ठोकून घट्ट केलं होतं, आणि छत तयार झाल्यावर गयाबाईंना मात्र त्या शाळेत कुणी बसू दिलं नव्हतं. आता त्यांची नात तिथंच तिसरीत होती.

"मायनं ठोकलेल्या छताखाली माझी नात बसून राहिली, सायेब. ते पाडू देऊ काहून?" एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

चुन्यात गुळाचं अन् हिरड्याचं पाणी घालून तो छतावर पसरला. बौद्धवाड्यातल्या आणि तांड्यावरच्या, गयाबाई धरून बारा बाया लाकडी थाप्या घेऊन ओळीनं बसल्या. गयाबाई गाणं म्हणायच्या आणि त्या तालावर बारा थाप्या एकदम पडायच्या. काय सुंदर दिसायचं ते!

आता माझा शहाणपणा ऐका. सिमेंटनं एकदा धरलं की त्याला हात लावायचा नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं. तिसऱ्या दिवशी सकाळी छत मला कडक वाटलं. म्हटलं, बस झालं, आता ठोकलं तर तडे जातील. गयाबाई म्हणाल्या, चुना हाय हा, थापी उसळून माघारी येईस्तोवर थांबायचं न्हाई. मी आवाज चढवला. त्या थापी काखेत मारून घरी गेल्या, आणि त्यांच्यामागे सगळ्या बाया.

मी ओलं गोणपाट पसरलं, उतरलो, शिडी व्हरांड्यात आडवी टाकली आणि तिच्यावरच बसून डबा उघडला. भर दुपार. शाळेला सुट्टी, आवारात चिटपाखरू नाही. आणि डोक्यावर आवाज आला – थप्... थप्... थप्.

एकच थापी. बाईनं ऐकलं नाहीच म्हणून मी तापलो. ओरडणार, तेवढ्यात लक्षात आलं... गावात एवढी लांब शिडी ही एकच, आणि तिच्यावर तर मी बसलोय.

आवाज थांबल्यावर वर चढलो. कुणी नाही. एका कोपऱ्यातलं गोणपाट नीट घडी करून बाजूला ठेवलेलं, आणि चुन्यावर थापीचे ताजे ठसे. प्रत्येक ठशाचा उजवा कोपरा तुटका. आमच्या बाराही थाप्या सुताराकडून नव्या करून आणलेल्या, कोपरे शाबूत. खोटं कशाला सांगू, आधी शिडीकडे मागं सरलो. पण डिप्लोमाही जागा झाला – छत खरंच कडक झालं असतं, तर ठसे उठलेच नसते. चुना अजून कच्चा होता. तसाच सोडला असता, तर पाणी हमखास गळलं असतं.

तडक गयाबाईंच्या दारात गेलो. "चुकलो, मावशी."

वर येऊन त्यांनी ठसे पाहिले आणि तिथंच खाली बसल्या. बराच वेळ ठशांवरून बोटं फिरवत राहिल्या. आईची थापी होती ती. कोपरा तुटलेली. गयाबाईंनी स्वतःच्या हातानं ती आईच्या सरणावर ठेवली होती.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "मेल्यावर बी मायला कामाला लावलं तुमी, सायेब."

पुढं चार दिवस बाया ठोकत होत्या. थाप्या चेंडूसारख्या उसळायला लागल्या, तेव्हाच गयाबाई थांबल्या.

छतावर तीन दिवस पाणी होतं. चौथ्या दिवशी साहेब आले, वर्गात शिडी लावून चढले, तुळयांवर, छताखालच्या लाकडी फळ्यांवर रुमाल घासून पाहिला. कोरडा ठणठणीत! त्यांनी तिथंच फायलीवर लिहिलं – पाडकाम रद्द. बायांनी अंगणात फेर धरला. मीही दोन गिरक्या घेतल्या... ऑफिसात सांगू नका.

जूनमध्ये शाळा भरली, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. गयाबाई नातीशेजारी ताठ बसल्या होत्या. हजेरी संपली तशा गुरुजींना म्हणाल्या, "माझं बी नाव घ्या. अन् मायचं बी."

गुरुजींनी घेतलं. गयाबाई म्हणाल्या, "हजर." मग गुरुजींनी आईचं नाव घेतलं.

वरून एकदाच आवाज आला – थप्.

सगळा वर्ग वर बघायला लागला. गयाबाई तेवढ्या समोर फळ्याकडे बघत हसत होत्या.

लाकूड तापून वाजतं, मान्य. पण लाकूड गोणपाटाची घडी घालत नाही. बाकी खुलासा माझ्याकडे नाही. आमची ती शिडी शाळा भरली त्या दिवशी हिंगोलीच्या गोदामात कुलूपबंद होती, एवढं मात्र मी स्वतः जाऊन बघितलं.